पागोट्यापासून पायताणापर्यंत : मराठी वाक्प्रचारांतला जुना पेहराव

मराठीत पेहरावावरून आलेले बहुतेक वाक्प्रचार न शिवलेल्या कापडाचे आहेत. धोतर, लुगडे, उपरणे, शेला, पागोटे, पंचा, घोंगडी ही वस्त्रे मागावरून उतरली की सुई न लागता अंगावर येत. त्यांना खिसे नव्हते, बटणे नव्हती. काही धरायचे, बांधायचे, लपवायचे किंवा घट्ट करायचे तर ते कापडाच्या टोकाने, गाठीने आणि खोचणीने. म्हणून पदर, कास, कनवट, ओटी, गाठ हे शब्द मराठी बोलण्यात इतके खोल रुजले. इंग्रजीचा मामला निराळा आहे. थंड हवेच्या त्या मुलखात कपडा शिवूनच घालायचा, त्यामुळे तिथले वाक्प्रचार बाही, कोट, बूट, हॅट आणि हातमोजे यांच्याभोवती फिरतात. सतराव्या-अठराव्या शतकांत युरोपातले प्रतिष्ठित पुरुष कृत्रिम केसांचे मोठाले टोप घालत. त्यावरून बड्या माणसाला ‘बिगविग’ हे नाव पडले. टोप गेले, नाव राहिले. लोखंडी हातमोजा समोर फेकून द्वंद्वाचे आव्हान देण्याची सरदारी रीतही तशीच आता फक्त बोलण्यात उरली आहे. मराठीतही हेच घडले आहे.

पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या पट्ट्यात हा बदल फार जवळून दिसतो, कारण इथला पेहराव दोन-तीन पिढ्यांत पालटला. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली. पुढच्या दोन दशकांत आकुर्डी, चिंचवड, भोसरीच्या माळांवर औद्योगिक वसाहत उभी राहिली, १९७० साली नगरपालिका आणि १९८२ साली महापालिका आली, आणि नव्वदच्या दशकापासून कारखाने चाकणकडे सरकले. आजोबांचे धोतर आणि मुंडासे, वडिलांचा पायजमा आणि टोपी, नातवाचा कंपनीचा युनिफॉर्म, सेफ्टी शूज आणि हेल्मेट, असा हा प्रवास आहे. जुना पेहराव घाऊक पाहायचा तर आषाढी वारीत, देहूहून निघालेली तुकोबांची पालखी आकुर्डीच्या विठ्ठल मंदिरात मुक्कामाला येते तेव्हा. पण कारखान्यात वेतनकरार झाला की कामगार एकमेकांना विचारतात, “पदरात काय पडलं?” विचारणाऱ्याच्या अंगावर पदर असलेले एकही वस्त्र नसते.

या वाक्प्रचारांत सगळ्यांत मोठे घराणे पदराचे. आज पदर म्हटला की साडीच डोळ्यांसमोर येते, पण जुन्या मराठीत पदर म्हणजे कोणत्याही वस्त्राचे टोक. धोतराला पदर होता, उपरण्याला होता, शेल्याला होता. हे लक्षात घेतले की ‘पदरमोड’ हा शब्द पुरुषांनाही तितकाच का लागू होतो ते उलगडते. बाजाराला किंवा परगावी निघालेला माणूस पैसे उपरण्याच्या टोकात ठेवी. नाणी टोकाशी ठेवायची, कापडाचा कोपरा त्यांवर दुमडायचा, दोन-तीन पीळ द्यायचे आणि त्या पिळाचीच गाठ मारायची. चालताना नाणी खुळखुळत नसत आणि गाठ सोडल्याशिवाय बाहेर येत नसत. बायकांच्या लुगड्याच्या पदरालाही अशीच गाठ असे. या गाठीतला पैसा हा माणसाचा स्वतःचा, कष्टाचा, राखून ठेवलेला. तो मोडून दुसऱ्याच्या किंवा गावाच्या कामाला लावणे ही पदरमोड. शाळेला बाके घेऊन देणारा मास्तर, उत्सवाची तूट भरून काढणारा मंडळाचा कार्यकर्ता यांच्याबद्दल हा शब्द आजही आदराने वापरला जातो. ‘गाठीशी अनुभव असणे’, ‘गाठीला पैसा नसणे’ हे प्रयोगही याच गाठीतून आले.

पदरात घेणारा मोठा असला की अर्थ आश्रयाचा होतो. सरदाराच्या ‘पदरी’ असणे म्हणजे त्याच्या चाकरीत आणि त्याच्या छायेत असणे. १६६० साली शायिस्ताखानाच्या फौजेशी जवळपास दोन महिने झुंजून चाकणचा संग्रामदुर्ग लढवणारा फिरंगोजी नरसाळा हा शिवाजी महाराजांच्या पदरचा किल्लेदार, असे आजही लिहिले जाते. ‘पदरात घेणे’ म्हणजे स्वीकारणे, सांभाळणे. ‘पदर पसरणे’ म्हणजे लाज बाजूला ठेवून मागणे. ‘पदरी पडले पवित्र झाले’ ही म्हण मिळाले ते गोड मानून घेणाऱ्याची आहे. खळ्यावर धान्य मापून घेणाऱ्याच्या पदरात ओतले जाई, त्यावरून ‘माप पदरात घालणे’ हा प्रयोग आला. पण पुढे धान्याची जागा दोषाने घेतली आणि एखाद्याची चूक त्याला स्पष्ट दाखवून देणे असा अर्थ रूढ झाला. ऐकलेल्या गोष्टीत स्वतःचे काही मिसळले तर ती ‘पदरची भर’. सोयरीक जुळवताना दोन घराण्यांचा ‘पदर जुळतो’ का हे पाहतात, तेव्हा नात्यांचा धागा मागे कुठे एकमेकांना लागतो याची ती चौकशी असते.

याच शब्दाची आणखी एक शाखा आहे. वस्त्राची घडी पडते, घडीवर घडी बसते, म्हणून पदर म्हणजे थर. एखाद्या प्रश्नाला ‘अनेक पदर’ असतात ते या अर्थाने. आणि इथूनच तो रस्त्यावर आला. भोसरी-चाकणमधून जाणाऱ्या पुणे-नाशिक महामार्गाच्या बातम्यांत ‘चौपदरीकरण’, ‘सहापदरी’ हे शब्द रोज छापून येतात. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग सहापदरी आहे. ट्रकच्या रांगा धावतात त्या मार्गिकेला मराठीने उपरण्याच्या टोकाचे नाव द्यावे, ही या भाषेची खरी ताकद आहे. यासाठी कोणतीही परिभाषा समिती बसवावी लागली असती तर तिला इतका सुटसुटीत शब्द सुचला असता का, याची शंकाच आहे.

पदराच्या शेजारी ओटी आणि कनवट. लुगड्याचा पुढचा भाग कमरेशी धरून केलेली खोळ ही ओटी. सुवासिनीची खणानारळाने ओटी भरतात ती याच खोळीत. एखाद्याच्या ‘ओटीत घालणे’ म्हणजे पूर्णपणे त्याच्या हवाली करणे. मूल दत्तक देतानाही हाच शब्द वापरला जाई. कनवट म्हणजे कमरेवर धोतर किंवा लुगडे खोचताना पडलेली बारीक वळकटी. तिथे नाणी राहत, तंबाखूची चिमूट राहत असे, चिठ्ठी राहत असे. ‘कनवटीला लावणे’ म्हणजे पैसे गुपचूप ताब्यात घेणे. पायजमा आणि पँट आली तशी कनवट गेली आणि तिचे काम खिशाकडे आले. खिसा हा शब्द फारसी-अरबीतून आलेला. ‘खिसा गरम करणे’, ‘खिशाला कात्री लागणे’ हे प्रयोग त्याच्याभोवती जमले. तरी कनवटीला लावण्यात जो चोरटेपणा आहे तो खिशात घालण्यात येत नाही.

कास हा या घराण्यातला सर्वांत गैरसमज झालेला शब्द. ‘विज्ञानाची कास धरा’, ‘आधुनिक शेतीची कास धरली’ अशी वाक्ये भाषणांत आणि अग्रलेखांत सतत येतात. दुभत्या गाईची कास सगळ्यांना माहीत असते, त्यामुळे दुधासाठी कास धरावी तशी ही कास, असे अनेकांना वाटते. वाक्प्रचारातली कास मात्र वस्त्राची आहे. धोतराचा किंवा लुगड्याचा जो भाग पायांमधून मागे नेऊन कमरेला घट्ट खोचतात, ती कास. काष्टा आणि कासोटा हे तिचेच भाऊबंद. पूल नव्हते तेव्हा नदी ओलांडायची तर उतार पाहून पाण्यात शिरावे लागे. ज्याला पोहता येत नाही त्याने पोहणाऱ्याच्या कमरेची कास मागून घट्ट धरायची आणि त्याच्यामागून तरंगत पैलतीर गाठायचे. गळ्याला मिठी मारली तर दोघेही बुडत. कास धरली तर पोहणाऱ्याचे हातपाय मोकळे राहत. संतांच्या वाङ्मयात भवनदी पार करण्यासाठी देवाच्या किंवा गुरूच्या ‘कासेला लागणे’ ही प्रतिमा वारंवार येते. देहू आणि आळंदी ही दोन्ही गावे इंद्रायणीच्या काठावरची, तेव्हा ही प्रतिमा तिथे पुस्तकातून आली नसणार. हे मूळ ध्यानात ठेवले तर ‘कास धरणे’ हा प्रयोग अधिक नेमका वापरता येतो: कास त्याचीच धरावी ज्याला पोहता येते.

कमरेवरचे बाकीचे प्रयोग सरळ आहेत. लढाईला, ओझ्याला किंवा लांबच्या वाटेला निघण्यापूर्वी कमरेला शेला आवळून बांधत, म्हणून ‘कंबर कसणे’. लांब झगे वापरणाऱ्या पश्चिम आशियातही काम करण्याआधी झगा वर खेचून कमरेला बांधत असत आणि बायबलमार्फत तो प्रयोग इंग्रजीत गेला. दोन दूरच्या भाषांत एकच वाक्प्रचार स्वतंत्रपणे तयार होतो तो असा, कारण दोन्हीकडच्या माणसाला सैल वस्त्राने सारखाच त्रास दिलेला असतो. बायकांचे ‘पदर खोचणे’ हे याच जातीचे.

लंगोटाचे वाक्प्रचार भोसरी, चऱ्होली, चिंचवड या जुन्या गावांत अजून जिवंत आहेत, कारण तिथल्या तालमी जिवंत आहेत. ‘लंगोटाचा पक्का’ किंवा ‘लंगोटाचा सच्चा’ म्हणजे ब्रह्मचर्य पाळणारा, संयमी पैलवान. वस्तादाच्या तोंडी याहून मोठी शाबासकी नाही. ‘कासोट्याचा ढिला’ हे याच्या उलट. ‘लंगोटीयार’ म्हणजे अंगावर लंगोटीखेरीज काही नसण्याच्या वयापासूनचा मित्र. चार पानांच्या किरकोळ वर्तमानपत्राला ‘लंगोटी पत्र’ म्हणत, ते आकारावरून आणि थोडेसे किमतीवरूनही. कमरेचे आणि डोक्याचे वस्त्र एकाच वाक्यात आणणारा प्रयोग सर्वांत भेदक आहे: ‘कमरेचे सोडून डोक्याला गुंडाळणे’. धोतर आणि पागोटे दोन्ही न शिवलेलीच कापडे, त्यामुळे एकाचे दुसरे करता येई. ज्याने लज्जा झाकायची ते वस्त्र सोडून त्याचेच पागोटे मिरवणारा माणूस म्हणजे सगळी लाज सोडलेला माणूस. शिवलेल्या कपड्यांच्या समाजात हा वाक्प्रचार तयारच झाला नसता.

डोक्यावरचे वस्त्र ही माणसाची इभ्रत होती. शरण जाताना किंवा गयावया करताना पागोटे काढून समोरच्याच्या पायावर ठेवत. पागोटे हे कित्येक हात लांबीचे कापड रोज बांधावे लागे. पगडी मात्र पगडबंदाने एकदाच बांधून, टाके घालून तयार केलेली असे आणि टोपीसारखी डोक्यावर चढवता येई. पुणेरी पगडीला २००९ साली भौगोलिक मानांकन मिळाले. तोवर ती रोजच्या वापरातून केव्हाच गेली होती, पण तिचा अर्थ मात्र गेला नव्हता. जून २०१८ मध्ये पुण्यातल्या सभेत शरद पवारांनी पुणेरी पगडीऐवजी महात्मा फुल्यांचे पागोटे घालण्याचा आग्रह धरला, तेव्हा राज्यभर त्यावर वाद झाला. जून २०२२ मध्ये देहूच्या शिळा मंदिराच्या लोकार्पणाला आलेल्या पंतप्रधान नरेंद्र मोदींना तुकाराम पगडी देण्यात आली. कोणाच्या डोक्यावर कोणते पागोटे, यातून कोण कोणाच्या परंपरेत उभा आहे हे आजही वाचले जाते.

‘पगडी फिरवणे’ म्हणजे दिलेल्या शब्दावरून किंवा पक्षावरून उलटणे. ‘टोपी फिरवणे’ हा त्याचा धाकटा भाऊ. ‘टोपी घालणे’ म्हणजे गोड बोलून फसवणे, आणि एकाकडून घेऊन दुसऱ्याचे भागवणाऱ्याला ‘याची टोपी त्याच्या डोक्यावर’ घालणारा म्हणतात. युरोपीय व्यापाऱ्यांना मराठ्यांनी टोपीवरूनच ओळखले. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात त्यांना ‘टोपीकर’ म्हटले आहे आणि त्यांच्यापासून सावध राहायला सांगितले आहे. ‘शिरपेचात तुरा खोवणे’ हा बक्षीससमारंभातला आवडता वाक्प्रचार. शिरपेच हा पागोट्यावर बांधायचा जडावाचा दागिना आणि त्यात आधीच शोभा असते, म्हणून हा प्रयोग आधीच नावाजलेल्या माणसाच्या नव्या यशाला शोभतो. पहिल्याच यशाला तो वापरणे चूक आहे, आणि ती चूक वर्तमानपत्रांत रोज होते.

पगडीचा आणखी एक अर्थ घरभाड्यात गेला. भाडेकरूने जागा घेताना भाड्याशिवाय जी ठोक रक्कम द्यायची, ती पगडी. मानाची पगडी घालावी तसा हा घरमालकाला दिलेला नजराणा. १९४७ च्या मुंबई भाडे कायद्याने पगडी घेणे गुन्हा ठरवले होते, तरी व्यवहार चालूच राहिला. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याने तिला मान्यता दिली. मुंबईतल्या चाळींत राहणाऱ्या कित्येकांना पगडी म्हटल्यावर डोक्यावरचे वस्त्र आठवतही नसेल.

मान देण्याची जुनी रीत वस्त्रे देण्याची होती, आणि या रीतीतून आलेले वाक्प्रचार राजकारणाच्या भाषेत ठाण मांडून बसले आहेत. पद मिळाले याचा पुरावा म्हणजे वस्त्रे मिळाली. बाळाजी विश्वनाथाला १७१३ साली पुण्याजवळच्या मांजरीला शाहू महाराजांनी पेशवाईची वस्त्रे दिली. १७२० साली बाजीरावाला मसूरला मिळाली. १६६६ साली आग्र्याच्या दरबारात इतरांना खिलतीची वस्त्रे वाटली गेली आणि शिवाजी महाराजांना वगळले गेले, हा तिथल्या अपमानाचा एक ठळक भाग होता. वस्त्र आणि पद किती एकरूप झाले होते हे १७७४ साली दिसले. नारायणरावाच्या खुनानंतर जन्मलेल्या सवाई माधवरावासाठी साताऱ्याहून पेशवाईची वस्त्रे आली, तेव्हा ते बाळ अवघ्या चाळीस दिवसांचे होते. ती वस्त्रे बाळाच्या अंगाला येण्याचा प्रश्नच नव्हता; पेशवेपण मात्र पूर्ण होते. आज मंत्रिपद शपथेने मिळते, तरी ‘मंत्रिपदाची वस्त्रे’ आणि ‘वस्त्रे उतरवली’ असेच लिहिले जाते.

याच दरबारी रिवाजातून ‘शालजोडीतला’ आला. उंची शाली जोडीने देत, म्हणून शालजोडी. मानाने पुढे केलेल्या त्या मऊ शालजोडीत गुंडाळलेला जोडा असला तर? दिसायला सत्कार, लागायला पायताण. सभ्य शब्दांत केलेल्या मर्मभेदी टीकेला मराठीने ‘शालजोडीतून मारणे’ किंवा ‘शालजोडीतला आहेर’ म्हटले. पेहरावावरच्या साऱ्या मराठी वाक्प्रचारांत हा सर्वांत देखणा. याला जोडून शेलापागोटे. शेला आणि पागोटे हा मानकऱ्याला द्यायचा आहेर. महाविद्यालयांच्या स्नेहसंमेलनांत मुलामुलींना चिमटे काढणारी बिरुदे वाटतात त्यांनाही ‘शेलापागोटे’ म्हणू लागले. मान आणि मस्करी यांत एका वस्त्राचेच अंतर होते, हे या दोन्ही प्रयोगांतून दिसते.

शिवलेल्या कपड्यांचे जुने वाक्प्रचार मराठीत थोडे आहेत आणि त्यांतले काही फारसीचे बोट धरून आले. ‘अस्तनीतला निखारा’ हे त्याचे उत्तम उदाहरण. अस्तनी म्हणजे बाही, फारसी आस्तीनवरून आलेली. अंगरख्याच्या लांब बाह्यांत चिठ्ठी, रुमाल, कधी हत्यारही राहत असे. फारसीत जवळच्या विश्वासघातक्याला बाहीतला साप म्हणतात, आणि हिंदी-उर्दूतही सापच आहे. मराठीत अस्तनीतला साप आहेच, पण अधिक चालला तो निखारा. साप चावेपर्यंत निजून राहू शकतो. निखारा बाहीत ठेवला त्या क्षणापासून कापड जाळत असतो. अस्तनी हा शब्द स्वतंत्रपणे आज कोणी वापरत नाही. शिंपी बाही म्हणतो, मुले स्लीव्ह म्हणतात. या एका वाक्प्रचाराने तो शब्द जपून ठेवला आहे.

अंगावर घेण्याच्या वस्त्रांत घोंगडीचा मान पहिला. धनगरांच्या मागावर विणलेली, चिंचोक्याची खळ दिलेली काळी घोंगडी पावसात इरले, थंडीत पांघरूण आणि शेतावर बैठक. ती भिजली की पाणी पिऊन जड होते आणि वाळता वाळत नाही. पिळायलाही दोन माणसे लागतात. म्हणून धड निकाल नाही, धड रद्द नाही अशा कामाला ‘भिजत घोंगडे’ म्हणतात. चाकण-खेड परिसरातल्या विमानतळाचा प्रश्न वर्षानुवर्षे असाच पडून होता. २०१६ साली तो प्रकल्प पुरंदरकडे नेण्याचे जाहीर झाले. एखाद्या व्यवहारात कोणाचा स्वार्थ गुंतला असेल तर त्याचे ‘घोंगडे अडकले’ म्हणतात.

पांघरूण आणि झूल हे दोन्ही झाकणारे, पण त्यांची कामे वेगळी. गैरकृत्यावर ‘पांघरूण घालणे’ म्हणजे ते लपवणे. झूल म्हणजे बैलाच्या पाठीवर टाकायची नक्षीदार चादर. खेड, मावळ, जुन्नर भागात भाद्रपदात बैलपोळा होतो, त्या दिवशी बैलांवर झुली चढतात आणि दुसऱ्या दिवशी उतरतात. ‘सत्तेची झूल पांघरली’ असे म्हणताना ती एक दिवसाची आहे आणि आत बैल तोच आहे, हा इशारा त्यात असतो. ‘लक्तरे वेशीवर टांगणे’ म्हणजे घरची अब्रू येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल अशी उघडी करणे. फाटके कपडे घरात कोणालाही असतात. ते गावात शिरण्याच्या वेशीवर टांगले म्हणजे परक्यालाही दिसतात. गरिबीच्या म्हणी या मानाने फारच रोखठोक आहेत. ‘कशात काय आणि फाटक्यात पाय’ ही मुळात काही नसलेल्या ठिकाणी केलेल्या खटाटोपाला, आणि ‘उघड्यापाशी नागडा गेला आणि सारी रात्र हिवाने मेला’ ही मदत मागायला चुकीच्या दारी गेलेल्याला. अंगावरच्या कपड्यांखेरीज सारे गमावलेला माणूस ‘नेसत्या वस्त्रानिशी’ बाहेर पडतो. पूर आणि आगीच्या बातम्यांत हा शब्दप्रयोग आजही येतो, आणि त्याची जागा घेऊ शकेल असे दुसरे काही मराठीत नाही.

पायातल्या वस्तूंना समाजाने खालचे स्थान दिले होते आणि वाक्प्रचारांत ते स्पष्ट उतरले. ‘पायीची वहाण पायीच बरी’ ही म्हण माणसांची पायरी ठरवणारी आहे. ती ज्यांच्यावर वापरली गेली त्यांची बाजू तिच्यात कुठेच नाही, आणि ती मागे पडली तर मराठीचे काही बिघडणार नाही. ‘जोडे उचलणे’ म्हणजे लाचारीची सेवा. ‘दुसऱ्याच्या वहाणेने विंचू मारणे’ म्हणजे जोखीम परक्याच्या माथी मारून काम साधणे. विंचू मरतो, आणि वहाण फाटली किंवा नांगी लागली तर ती दुसऱ्याची. कृतज्ञतेची परिसीमा सांगणारा प्रयोगही जोड्यांचाच आहे: ‘आपल्या कातड्याचे जोडे करून घातले तरी उपकार फिटणार नाहीत’. कामासाठी कचेऱ्यांत खेटे घालणाऱ्याने ‘जोडे झिजवले’ असे म्हणत; आता ‘चपला झिजवल्या’ म्हणतात. पायातले बदलले तसा हा वाक्प्रचारही बदलला, आणि अशी लवचीकता सगळ्यांच्या वाट्याला आलेली नाही.

कष्टकऱ्याला आणि लेखणीवाल्याला वेगळे ओळखणारा शब्दही मराठीत होता. इंग्रजीत पांढरी कॉलर आणि निळी कॉलर हे भेद विसाव्या शतकात, कारखाने आणि कचेऱ्या यांतून रूढ झाले. मराठीत ‘पांढरपेशा’ त्याच्या कितीतरी आधीपासून आहे. पेशा म्हणजे व्यवसाय. मातीत न राबणारा, लिहिण्यावाचण्यावर जगणारा तो पांढरपेशा. आकुर्डी किंवा चाकणच्या कारखान्यात शिफ्ट सुटते तेव्हा हा भेद युनिफॉर्मच्या रंगावरून लांबूनच कळतो. शिवलेल्या शर्टाची कॉलर मराठीनेही आपली केली आहे: ‘कॉलर ताठ होणे’ म्हणजे अभिमान वाटणे, ‘कॉलर धरणे’ म्हणजे जाब विचारणे.

यशवंत रामकृष्ण दाते आणि चिंतामण गणेश कर्वे यांनी १९३२ ते १९३८ या काळात ‘महाराष्ट्र शब्दकोश’ सात भागांत प्रसिद्ध केला आणि त्यानंतर ‘महाराष्ट्र वाक्संप्रदाय कोश’ काढला. त्याचा दुसरा भाग १९४७ सालचा. जुन्या पेहरावाची भाषा आज हाती लागते ती मुख्यतः या दोघांच्या कष्टांमुळे. हे काम संपले तेव्हा पिंपरीत कारखाना यायचा होता. युनिफॉर्म, हेल्मेट, सेफ्टी शूज, गळ्यातले ओळखपत्र यांच्याभोवती जमणारे प्रयोग त्यात असणे शक्यच नव्हते. आज हे शब्द भोसरीच्या बसथांब्यांवर आणि चाकणच्या कॅन्टीनमध्ये ऐकू येतात, पण लिहून ठेवले जात नाहीत. या भागातल्या महाविद्यालयांच्या मराठी विभागांनी हे काम हाती घ्यावे, आणि त्याचबरोबर घरातल्या नऊवारी नेसणाऱ्या आज्यांकडून ओटी, कनवट, काष्टा हे शब्द त्यांच्या सगळ्या प्रयोगांसह आताच टिपून घ्यावेत.